शेवटचा दगड कोणाकडे?

कर्लिंगचा सामना लावलात की गुणफलकाच्याही आधी एक गोष्ट बघून घ्यावी: या एंडमधला, म्हणजे चालू डावातला, शेवटचा दगड कोणत्या संघाकडे आहे? गुण 3-3 असतील आणि शेवटचा दगड लाल संघाकडे असेल, तर त्याला बरोबरी म्हणता येत नाही. लाल संघ पुढे आहे. या शेवटच्या दगडाला खेळाडू हॅमर म्हणतात. गेल्या साडेतीन दशकांत या खेळाचे जे मोठे नियम बदलले, त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीपायी बदलले. ज्याच्याकडे हॅमर आहे किंवा जो आघाडीवर आहे, त्याला खेळ थंड करून बसू द्यायचं नाही. व्यावसायिक संघांची लीग आली तेव्हा हीच गोष्ट आणखी घट्ट धरली गेली. कर्लिंगचे नियम पाठ करण्यापेक्षा हा एक धागा पकडला, तर बाकीचं आपोआप उलगडत जातं.

सोलापुरात बसून बर्फावरच्या खेळाबद्दल एवढ्या आस्थेने लिहायचं कारण साधं आहे. कबड्डी आणि खो-खो समजणाऱ्या माणसाला कर्लिंग फार पटकन समजतं, फक्त कोणीतरी नीट सांगायला हवं. हिवाळी ऑलिंपिकच्या दिवसांत टीव्हीवर हा खेळ दिसतो आणि दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतं, "दगड सरकवायचा आन पुढं झाडत पळायचं, ह्यात काय हाय बे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडं लांब आहे.

आधी मैदान. बर्फाची पट्टी 45.72 मीटर लांब आणि जास्तीत जास्त 5 मीटर रुंद. तिला शीट म्हणतात. दोन्ही टोकांना गोलांचं लक्ष्य रंगवलेलं असतं, ते हाऊस. सगळ्यात बाहेरच्या गोलाचा व्यास सुमारे 3.66 मीटर, त्याच्या आत 2.44 आणि 1.22 मीटरचे गोल, आणि मधोमध छोटं बटण. बटणाच्या मध्यातून आडवी जाते ती टी-लाइन. तिच्यापासून 6.40 मीटर अलीकडे जाड हॉग लाइन. दगड ग्रॅनाइटचा, वजन 17.24 ते 19.96 किलो, घेर 91.44 सेंटिमीटरच्या आत. अव्वल स्पर्धांतल्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडजवळच्या आयल्सा क्रेग या निर्जन बेटावरून येतो.

खेळाडू हॅक नावाच्या रबरी पायटेकूला पाय लावून स्वतःला पुढे ढकलतो, दगडासोबत घसरत जातो आणि जवळची हॉग लाइन येण्याआधी मूठ सोडतो. सोडायला उशीर झाला तर दगड बाद. मोठ्या स्पर्धांत मुठीतच सेन्सर असतो. हात वेळेत सुटला तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. समोरची हॉग लाइन पूर्ण ओलांडली नाही तर दगड बाद, मागची रेषा पूर्ण ओलांडली तरी बाद, बाजूच्या रेषेला शिवला तरी बाद. चौघांचा संघ. लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप (म्हणजे कर्णधार) प्रत्येकी दोन दगड टाकतात, प्रतिस्पर्ध्याशी आळीपाळीने. दोन्ही संघांचे मिळून 16 दगड झाले की एक एंड संपला. मग मोजणी. बटणाच्या मध्याला ज्याचा दगड सर्वांत जवळ, फक्त त्याच संघाला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षाही आत असलेले त्याचे जेवढे दगड, तेवढे गुण. दुसऱ्याला शून्य. ज्याने गुण घेतले तो पुढच्या एंडमध्ये आधी टाकतो, म्हणजे हॅमर समोरच्याकडे जातो.

आता बर्फ. या खेळात बर्फ कळला नाही तर काहीच कळत नाही. कर्लिंगचा बर्फ गुळगुळीत नसतो. गुळगुळीत बर्फावर जवळजवळ वीस किलोचा दगड मध्येच दम सोडेल. सामन्याआधी बर्फ तयार करणारा माणूस पाठीवर पाण्याची टाकी घेतो आणि बारीक छिद्रांच्या फवाऱ्याचा हात डावीकडून उजवीकडे एका लयीत हलवत शीटवरून उलटा चालत जातो. पाणी क्षार काढलेलं आणि कोमट. थेंब पडतात तसे गोठतात आणि सगळ्या पट्टीवर बारीक पुटकुळ्या उठतात. त्याला पेबल म्हणतात. नंतर एक रुंद पातं फिरवून पुटकुळ्यांचे शेंडे सारख्या उंचीवर कापले जातात. दगडाचा तळही सपाट नसतो. तो आत वळलेला असतो आणि बर्फाला टेकते ती फक्त सुमारे सहा मिलिमीटर रुंदीची एक कडी. एवढीशी कडी पुटकुळ्यांच्या शेंड्यांवरून जाते, म्हणून घर्षण कमी. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. पावडर किती आणि कुठे पडली आहे यावर बोर्ड किती पळतो ते ठरतं, आणि खेळता खेळता ते बदलत जातं.

इथेही ते बदलतं. दोन-तीन एंडनंतर मधली वाट वापरून झिजते आणि दगड तिथे वेगळा धावतो. कडेला पेबल शाबूत, त्यामुळे तिथला वेग वेगळा. ज्या ताकदीने पहिल्या एंडमध्ये दगड बटणावर थांबला, त्याच ताकदीने पाचव्यात तो हाऊसच्या मागे जाऊ शकतो. म्हणून खेळाडू दगड सोडल्यापासून घड्याळ लावून बसलेले दिसतात. वेगवान बर्फावर बटणापर्यंत जाणारा दगड एका हॉग लाइनपासून दुसरीपर्यंत साधारण 14 सेकंद घेतो. हा आकडा प्रत्येक एंडला ताजा ठेवावा लागतो.

दगड सोडताना मनगटाने हलकी फिरकी द्यायची. पूर्ण प्रवासात साधारण तीन-चार फेरे, जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे वळतो, उलट फिरणारा डावीकडे. टेबलावर पालथा पेला फिरवून ढकलून बघा, तो बरोबर उलट बाजूला जाईल. दगड असा का वळतो यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. चांगल्या बर्फावर तो दीड मीटरच्या आसपास वळतो, म्हणून समोर उभ्या असलेल्या दगडाला वळसा घालून मागे जाऊन लपता येतं.

आणि ते झाडणं. ब्रशच्या डोक्यावर अंगाचा भार टाकून घासलं की पेबलच्या शेंड्यांचं तापमान किंचित वाढतं, घर्षण घटतं, दगड काही मीटर पुढे जातो आणि कमी वळतो. थांबवणं मात्र झाडून जमत नाही. जोरात गेलेला दगड कोणी परत आणू शकत नाही, म्हणून जाणते खेळाडू ड्रॉ, म्हणजे हाऊसमध्ये थांबवायचा दगड, टाकताना किंचित कमी ताकदीने टाकतात आणि उरलेलं काम झाडणाऱ्यांवर सोपवतात. 2015 च्या मोसमात काही ब्रशांच्या कापडाने दगड जवळजवळ हवा तिथे नेता येतो असं दिसलं आणि मोठा वाद झाला. 2016 मध्ये कापडाचं प्रमाण ठरवून दिलं गेलं. कौशल्य हातात राहावं, कापडात जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह योग्यच होता.

सगळं नीट करूनही एक गोष्ट घात करते. ब्रशचा एखादा तंतू, केस किंवा धाग्याचा तुकडा दगडाखाली आला की दगड मध्येच अडखळतो, वाकडा जातो किंवा थांबतो. याला पिक म्हणतात. याची दाद-फिर्याद नाही, दगड पुन्हा टाकायला मिळत नाही. म्हणून टाकण्याआधी दगड उलटा करून कडी हाताने पुसणारा खेळाडू दिसला तर तो सवय म्हणून पुसत नाही एवढं ओळखावं.

परत हॅमरकडे. हॅमर असलेल्या संघाला एका एंडमध्ये किमान दोन गुण हवे असतात. एकच गुण मिळाला तर तो तोट्याचा सौदा, कारण एका गुणाच्या बदल्यात शेवटचा दगड समोरच्याला दिला. दोन मिळत नसतील तर हॅमरवाला संघ काय करतो? हाऊस रिकामं करतो. दोघांपैकी कोणाचाच दगड हाऊसमध्ये उरला नाही, तर गुण कोणालाच नाही आणि हॅमर तसाच राहतो. याला ब्लँक एंड म्हणतात. उलट बाजूने, हॅमर नसलेल्या संघाची इच्छा असते की समोरच्याला एकावरच अडवावं, किंवा जमलं तर स्वतःच गुण चोरावा. चोरी ही मोठी मिळकत, कारण गुण मिळतो तो समोरच्याचा शेवटचा दगड झेलूनही.

आठ एंडच्या सामन्यात सातव्या एंडला बरोबरी असेल आणि हॅमर आपल्याकडे असेल, तर समजूतदार स्किप काय करतो? सातवा एंड मुद्दाम ब्लँक करून आठव्यात हॅमर स्वतःकडे ठेवतो. हे हिशेबाने अगदी बरोबर आहे आणि बघायला अत्यंत कंटाळवाणं आहे. खेळाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

1980 च्या दशकात ही अडचण हाताबाहेर गेली. बर्फ सुधारला, खेळाडूंचे टेकआउट, म्हणजे समोरच्याचा दगड उडवणारे फटके, अचूक झाले. एकदा का एखादा संघ एक-दोन गुणांनी पुढे गेला की तो समोरच्याचा प्रत्येक दगड उडवायचा. हाऊसपुढे आडोशाला गार्ड लावला, उडवला. ड्रॉ टाकला, उडवला. 1989 ची कॅनडाची राष्ट्रीय पुरुष अंतिम लढत 3-2 अशी संपली, आणि दहा एंडच्या सामन्यात एवढेच गुण म्हणजे बाकी बहुतेक वेळ झाडझूडच. उत्तर एका खेळाडूच्याच डोक्यातून आलं. रस हॉवर्ड सरावात एक नियम लावून खेळत असे: एंडमधले पहिले चार दगड होईपर्यंत काहीच उडवायचं नाही. जानेवारी 1990 मध्ये कॅनडातल्या मंक्टन शहरातल्या मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत तो वापरला गेला. तिथून पुढे फ्री गार्ड झोन जन्माला आला.

हा झोन म्हणजे हॉग लाइन आणि टी-लाइन यांच्यामधली, हाऊसबाहेरची जागा. तिथे उभा असलेला समोरच्याचा दगड, म्हणजे गार्ड, सुरुवातीचे ठरावीक दगड होईपर्यंत खेळाबाहेर घालवायचा नाही. घालवला तर तो परत जागेवर ठेवतात आणि टाकलेला दगड काढून घेतात. जागतिक पातळीवर आधी ही मर्यादा चार दगडांची होती. ग्रँड स्लॅम ऑफ कर्लिंग या व्यावसायिक मालिकेने 2014-15 च्या मोसमात पाच केली, आणि जागतिक महासंघाने 2018-19 पासून तीच स्वीकारली. म्हणजे एंडचा सहावा दगड येईपर्यंत गार्डला हात लावायचा नाही. एका दगडाने काय फरक पडतो? फरक मोठा पडतो. चार दगडांच्या नियमात पहिल्यांदा गार्ड उडवायची संधी पाचव्या दगडाला, म्हणजे हॅमर नसलेल्या संघाला मिळायची. पाचांच्या नियमात ती सहाव्याला, हॅमरवाल्याकडे गेली. आघाडीवर असलेल्या पण हॅमर नसलेल्या संघाला आता कोपऱ्यातले गार्ड लगेच उडवता येत नाहीत, आणि पिछाडीवरच्या संघाला दोन-तीन गुणांचा एंड उभारायला वेळ मिळतो.

खेळाडूंनी यातूनही वाट काढली. गार्ड बाहेर घालवायचा नाही ना, मग त्याला हलकेच टिचकी मारून बाजूला सरकवायचं. दगड खेळातच राहतो, नियम मोडत नाही, मधली वाट मोकळी. शेवटच्या एंडला हॅमर असलेला संघ दोन टिचक्या मारायचा आणि चोरीची शक्यताच संपायची. मग यालाही आळा घातला गेला. शीटच्या लांबीभर जाणाऱ्या मधल्या रेषेला शिवणारा गार्ड सहाव्या दगडाआधी रेषेवरून हलवला, तर समोरच्या संघाला सगळं पूर्ववत करून टाकलेला दगड काढायला लावता येतं. यातही व्यावसायिक मालिकेने आधी पाऊल टाकलं आणि महासंघ मागून आला. पैसे देऊन बसलेला प्रेक्षक आणि टीव्हीचं वेळापत्रक हे नियम बदलण्याचं वाईट कारण आहे असं काही जुन्या मंडळींना वाटतं. मला ते पटत नाही. प्रत्येक बदलाने अवघड फटका जास्त मोलाचा झाला आहे आणि सोपा फटका कमी मोलाचा.

प्रो कबड्डी पाहणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरी 'करो या मरो', गुण आणला नाही तर चढाई करणारा बाद. आघाडीवरच्या संघाने बोनस रेषेच्या आसपास तीस सेकंद काढून परत येऊ नये यासाठीचा तो नियम. ब्लँक एंड आणि रिकामी चढाई या एकाच दुखण्याच्या दोन जागा आहेत.

मिक्स्ड डबल्समध्ये या दुखण्यावर सर्वांत कडक औषध आहे. एक पुरुष, एक महिला, आठ एंड. प्रत्येक संघ पाचच दगड टाकतो, पण एंड सुरू होण्याआधी दोन्ही संघांचा एकेक दगड शीटवर ठेवलेला असतो: एक मधल्या रेषेवर गार्ड म्हणून, दुसरा हाऊसमध्ये बटणाच्या मागे. ज्याचा गार्ड तो आधी टाकतो, ज्याचा दगड आत तो नंतर. ठेवलेले दगडही मोजणीत धरतात, म्हणून एका एंडमध्ये सहा गुणही होऊ शकतात. टाकलेला चौथा दगड येईपर्यंत काहीच बाद करता येत नाही, स्वतःचा दगडसुद्धा नाही. जो खेळाडू पहिला दगड टाकतो तोच पाचवा टाकतो, मधले तीन जोडीदाराचे. आणि मुख्य गोष्ट: एंड ब्लँक झाला तर हॅमर हातातून जातो. रिकामं करून बसण्याचा फायदाच काढून घेतला. शिवाय प्रत्येक संघाला सामन्यात एकदा, हॅमर असताना, पॉवर प्ले घेता येतो. ठेवलेले दोन्ही दगड मधून बाजूला सरकवतात, मधली जागा मोकळी होते आणि मोठा एंड करणं सोपं जातं. जादा एंडमध्ये पॉवर प्ले नाही. बहुतेक जोड्या तो सहाव्या-सातव्या एंडपर्यंत राखून ठेवतात. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये 2018 साली आला. 2022 मध्ये बीजिंगला इटलीच्या स्तेफानिया कोन्स्तान्तिनी आणि आमोस मोझानर यांनी एकही सामना न हरता सुवर्ण नेलं.

स्किन्स नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्याची गंमत थोडक्यात. प्रत्येक एंडवर बक्षीस लावलेलं. हॅमरवाल्याने दोन किंवा जास्त गुण केले तर ते त्याचं, समोरच्याने एक जरी चोरला तर त्याचं. हॅमरवाल्याने एकच केला किंवा एंड ब्लँक झाला तर बक्षीस पुढच्या एंडवर चढतं.

आता लीगचा आराखडा. ऑलिंपिकमध्ये दहा संघ, प्रत्येकाशी प्रत्येक, म्हणजे नऊ-नऊ सामने, आणि वरचे चार उपांत्य फेरीत. इथे संघ म्हणजे एक देश, एक चौकडी. व्यावसायिक लीगची कल्पना वेगळी. ग्रँड स्लॅम मालिका 2024 मध्ये कर्लिंग ग्रुप या कंपनीने घेतली आणि पाठोपाठ रॉक लीगची घोषणा केली: सहा संघ, प्रत्येकात पाच पुरुष आणि पाच महिला, काही संघांत वेगवेगळ्या देशांतले खेळाडू एका झेंड्याखाली. दहा जणांच्या ताफ्याचा अर्थ नीट बघा. पुरुषांची चौकडी, महिलांची चौकडी, शिवाय मिश्र प्रकारांसाठी जोड्या, आणि राखीव म्हणून बाकावर फारसं कोणी उरत नाही. एकाचं मनगट दुखावलं तर दोन-तीन प्रकारांत खिंडार पडतं. मिश्र चौकडीत तर पुरुष आणि महिला आळीपाळीने टाकतात आणि स्किप व थर्ड वेगवेगळ्या गटातले असावे लागतात. ज्या संघात दोन उत्तम स्किप आहेत पण दोघेही पुरुष, त्याचा तिथे फारसा फायदा नाही. ताफा निवडतानाच हे गणित सोडवावं लागतं.

अशा संघ-स्पर्धेचा जुना नमुना 2002 पासून खेळल्या गेलेल्या काँटिनेंटल कपचा. चौकड्यांचे सामने, मिक्स्ड डबल्स, स्किन्स, सगळ्यांचे गुण एकाच खात्यात. त्यात शिकायला मिळालेली गोष्ट अशी की शेवटच्या दिवशीच्या सामन्यांना जास्त गुण ठेवले नाहीत तर निकाल आदल्या दिवशीच लागतो, आणि फार जास्त ठेवले तर आधीचे दिवस फुकट जातात. गुणांची चढण किती ठेवायची, हे आयोजकाचं खरं काम.

गुणतालिकेत दोघे बरोबरीत आले तर? क्रिकेटमध्ये नेट रनरेट असतो, कबड्डीत गुणफरक. कर्लिंगमध्ये गुणफरकाला काही अर्थ नाही. पिछाडीवरचा संघ ठरावीक एंडनंतर हात मिळवून सामना सोडू शकतो, आणि एका गुणाने जिंकणं हेही पूर्ण नियोजन करून जिंकणं असतं. म्हणून आधी आपसातला निकाल बघतात. तोही सुटला नाही तर शेवटच्या दगडासाठीच्या ड्रॉचा हिशेब. सामन्याआधी प्रत्येक संघ बटणाकडे दोन दगड टाकतो, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारा, एक उलट. दोन्हींचं मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून बेरीज करतात. बेरीज कमी, त्याला पहिल्या एंडचा हॅमर. हाऊसमध्ये न थांबलेल्या दगडाला 199.6 सेंटिमीटर धरतात. सगळ्यात खराब अंतर वगळून बाकीच्या अंतरांची सरासरी पुढे बरोबरी सोडवायला वापरतात. म्हणजे सकाळी नऊ वाजता, रिकाम्या गॅलरीसमोर टाकलेला दगड आठवड्याने उपांत्य फेरीचं दार उघडू किंवा बंद करू शकतो. ही सोय मला या खेळातली सगळ्यात सुंदर वाटते. तिथे प्रतिस्पर्धी नाही, गार्ड नाही, फक्त वजन आणि वाट.

घड्याळही ओळखून घ्यावं. दहा एंडच्या सामन्यात प्रत्येक संघाला विचार करायला 38 मिनिटं, आठ एंडला 30, मिक्स्ड डबल्सला 22. आपला दगड टाकणाऱ्या टोकाच्या टी-लाइनला पोचला की आपलं घड्याळ थांबतं. वेळ संपली तर सामना गेला. गर्दीचा, अवघड एंड जास्त वेळ खातो, त्यामुळे सुरुवातीला फार गुंतागुंत केलेला संघ शेवटच्या दोन एंडमध्ये स्किपला धावतपळत निर्णय घ्यायला लावतो. कोपऱ्यातली ही घड्याळं बघत राहिलात तर पुढे चूक कोणाची होणार हे बऱ्याचदा आधी कळतं.

पाहायच्या वेळा: टोरोंटोत एप्रिलमध्ये संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला येतो, सकाळी दहाचा संध्याकाळी साडेसातला. दुसरा सोयीचा.

सोलापुरात असा बर्फ होऊ शकेल का, हा प्रश्न उन्हाळ्यात हटकून निघतो. 43 अंशांचं ऊन हा मोठा अडसर वाटतो, पण बंदिस्त इमारतीत तो पैशाने आणि विजेने सुटतो. खरा शत्रू दमट हवा. बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. हवेतल्या बाष्पाचा दवबिंदू त्याच्या वर गेला की बर्फावर दहिवर धरतं, पेबलचे शेंडे झाकले जातात, दगड जड चालतो. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या वाऱ्यातही त्या मानाने कितीतरी जास्त बाष्प असतं, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर तर विचारूच नका. दार उघडं राहिलं, प्रेक्षक जास्त झाले, तरी दहिवर वाढतं. बीजिंगमध्ये 2008 ला ज्या इमारतीत ऑलिंपिकचं पोहणं झालं, तिथेच 2022 ला पोहण्याच्या तलावावर सांगाडा टाकून कर्लिंगच्या शीट केल्या होत्या. तिथली निम्मी लढाई हवा सुकवण्याची होती.

तोवर फ्लोअर कर्लिंग आहे. तळाला बेअरिंगची चाकं लावलेले दगड आणि जमिनीवर अंथरायचं किंवा चिकटवायचं हाऊस. शाळेच्या किंवा क्लबच्या गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये जमतं, आणि गुडघे दुखणारी माणसं काठीने ढकलून खेळू शकतात. दोन गोष्टी मात्र हातच्या जातात: दगड वळत नाही आणि झाडून पुढे नेता येत नाही. दगड वळत नसल्यामुळे मधल्या गार्डच्या मागे लपलेला दगड जवळजवळ सुरक्षित होतो, आणि पाच दगडांचा नियम लावला तर चोरी फार सोपी होते. म्हणून इथे गार्डचं संरक्षण तीनच दगडांपर्यंत ठेवावं, किंवा मिक्स्ड डबल्ससारखा ब्लँकला हॅमर जाण्याचा नियम तेवढा घ्यावा. आपल्याकडची धूळ चाकांत बसते आणि दगड एका बाजूला ओढू लागतो. दर दोन सामन्यांनी दगड उलटा करून चाकं कोरड्या ब्रशने साफ करावीत. तेल सोडू नये, तेलाला धूळ आणखी चिकटते.

सहा संघांची लीग एका रविवारी सकाळी उरकता येते. प्रत्येकाशी प्रत्येक म्हणजे 15 सामने. तीन पट्ट्या आखल्या तर पाच फेऱ्या. एका दगडाला अर्धं मिनिट धरलं तर 16 दगडांचा एंड आठ मिनिटांत होतो, मोजणीला दोन मिनिटं. चार एंडचा सामना चाळीस मिनिटांचा. पाच फेऱ्यांची 200 मिनिटं आणि मधल्या विश्रांती धरून चार तास. जोड्या अशा: पहिल्या फेरीत 1-6, 2-5, 3-4; दुसरीत 6-4, 5-3, 1-2; तिसरीत 2-6, 3-1, 4-5; चौथीत 6-5, 1-4, 2-3; पाचवीत 3-6, 4-2, 5-1. एक काळजी घ्यायची. या क्रमात सहा नंबरचा संघ नेहमी पहिल्या जोडीत येतो, म्हणून पहिली जोडी कायम पहिल्या पट्टीवर लावली तर त्या एकाच संघाला त्या फरशीचा उतार तोंडपाठ होईल. जोड्यांच्या पट्ट्या दर फेरीला एकेक घर सरकवाव्यात.

प्रत्येक सामन्याआधी दोन-दोन दगड बटणाकडे टाकून घ्यावेत, मेजरिंग टेपने मध्यापासून दगडाच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर मोजावं आणि वहीत लिहून ठेवावं. हाऊसच्या बाहेर गेला तर 199.6 लिहावं. हॅमर त्यावरून ठरेलच, आणि दुपारी दोन संघांचे तीन-तीन विजय झाले की हीच वही बाहेर काढावी लागेल.